अमळनेरकरांनो, भिंतीवर 14416 लिहा!

साने गुरुजींचं गाव म्हणून आपण किती मिरवतो! 2024च्या साहित्य संमेलनात तर घसा बसेस्तोवर मिरवलं. प्रताप हायस्कूलच्या छात्रालयात याच माणसानं मुलांसाठी 'छात्रालय' हे दैनिक रोज हातानं लिहून काढलं होतं. आता आपल्या क्लासच्या, अभ्यासिकेच्या भिंती बघा. 'फी वेळेवर भरा', 'मोबाईल बंद ठेवा' आणि बाहेर नीटमध्ये चमकलेल्यांचे फ्लेक्स. ज्याला रात्र रात्र झोप नाही, पोलीस भरतीत दोनदा हुकलंय, घरी फोन करायची हिंमत नाही, त्याच्यासाठी त्या भिंतीवर एक ओळ नाही!

2022 साली देशात 13,044 विद्यार्थ्यांनी आपलं आयुष्य संपवलं. त्यांतले 1,764 महाराष्ट्रातले, सगळ्या राज्यांत सर्वाधिक. ही सरकारी नोंद आहे. आणि 'अपघात' म्हणून दडपलेलं त्यात कुठून येणार?

जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बजावलं: शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शाळा, कॉलेज, क्लासमध्ये प्रशिक्षित समुपदेशक हवा, शिक्षक-कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण हवं, आणि वर्गात, वसतिगृहात टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर ठळक अक्षरांत हवा. नंबर 14416. फुकट, चोवीस तास, मराठीतही. रंगाचा एक डबा आणि ब्रश, एवढ्याला कसली ग्रँट लागते? गणपतीची वर्गणी दोन दिवसांत जमवणाऱ्या मंडळांनो, हे काम तुमचं आहे!

आईबापांनो, 'डोक्याचं काही नाही, नुसती नाटकं' हे वाक्य आजपासून बंद. पोरगं जेवणावरून उठतं, आवडीच्या वस्तू मित्रांना वाटून टाकतं, 'मी नसलो तरी काय बिघडणार' म्हणतं, तेव्हा जवळ बसा. 'कसा शे रे भाऊ?' एवढ्यावर थांबू नका. जीव द्यायचे विचार येतात का, हे सरळ विचारा. विचारल्यानं विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. धोका वाटला तर एकटं सोडू नका. 112 लावा, दवाखान्यात न्या. पोलिसांच्या भीतीनं लपवू नका. 2017च्या मानसिक आरोग्य कायद्यानं अशा प्रयत्नामागे तीव्र ताण गृहीत धरलाय. शिक्षेऐवजी उपचार देणं ही सरकारची जबाबदारी ठरवलीय.

आणि 'आपला पोरगा खंबीर आहे' असं म्हणू नका. साऱ्या महाराष्ट्राला धीर देणाऱ्या गुरुजींनीही 11 जून 1950ला स्वतःचं आयुष्य संपवलं. हे आपण भाषणात गाळतो. गाळू नका, मोठ्या मनाच्या माणसालाही आधार लागतो, हे पोरांना कळू द्या.

येत्या सोमवारी पोराला सोडायला जाल तेव्हा गेटवरून परतू नका. आत जा, समुपदेशकाचं नाव विचारा. नाव मिळालं नाही तर चार पालक मिळून लेखी अर्ज द्या, त्यावर पोच घ्या, आणि पुढच्या सोमवारी पुन्हा जा.