आळशी कोण?

ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखान्यांत, दिघ्यातही, ‘कामगार आळशी झाले’ ही तक्रार नित्याची आहे. तिला माझा आक्षेप आहे. वर्षानुवर्षे एकाच पदावर खिळलेला माणूस नेमलेले तेवढेच करतो. नवे सुचवीत नाही, नवख्याला शिकवीत नाही. अशा कुंठेची दखल खुद्द राज्य शासनाने घेतली. १९९५ साली ‘क’ आणि ‘ड’ गटांतील कर्मचाऱ्यांसाठी १२ वर्षांच्या सेवेनंतर वरची वेतनश्रेणी देणारी कालबद्ध पदोन्नती योजना आली. कंत्राटी कामगाराला मात्र चढायला पायरीच नाही! वाचकहो, आपल्यापैकी अनेकजण पर्यवेक्षक आहेत. कुणाच्या नावापुढे ‘निरुत्साही’ असा शेरा मारण्यापूर्वी तो त्या जागी किती वर्षे उभा आहे, हे आधी लिहा. आणि तो कागद मालकापुढे ठेवा.