आधी छप्पर, मग परतावा

'आर्थिक सल्लागार' असे कार्ड छापून फिरणाऱ्या बहुतेकांना सल्ल्याचे पैसे मिळतच नाहीत, मिळतात ते विकल्याचे. जो विक्रीवर जगतो तो "हे घेऊ नका" असे कधी म्हणणार? माझ्या धंद्यातली सगळी घाण या एका गोष्टीतून येते.

दीर्घ मुदतीच्या पारंपरिक पॉलिसीवर पहिल्या हप्त्याच्या 35 टक्क्यांपर्यंत कमिशन देण्याची मुभा होती. 2023 मध्ये ती मर्यादाही उठली. आता कंपनीच्या एकूण खर्चाच्या मर्यादेत बसले की झाले. लाखाच्या हप्त्यातले पस्तीस हजार घरी नेणारा माणूस तुमच्या मुलीच्या शिक्षणाबद्दल हळहळून बोलतो, तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर मुलगी नसते.

आमच्या उल्हासनगरच्या कॅम्प २ मधले एक निवृत्त कटिंग मास्टर मुदत संपलेली एफडी नव्याने करायला बँकेत गेले आणि दहा वर्षे दरसाल लाख रुपये भरायची पॉलिसी घेऊन परतले. वय 67. काउंटरवर सांगितले, "बाबा, एफडीच आहे, फक्त व्याज जास्त." फॉर्म माझ्या टेबलावर आला. सगळा इंग्रजीत, दुसऱ्याच्या हस्ताक्षरात. व्यवसाय: व्यापार. उत्पन्न: आठ लाख. खाली उजवीकडून डावीकडे लिहिलेली, थरथरत्या हाताची सिंधी सही. त्या कागदावर त्यांचे स्वतःचे म्हणावे असे तेवढेच होते. फ्री-लूकची, म्हणजे पॉलिसी परत करण्याची, मुदत शिल्लक होती म्हणून पैसे परत आले. ज्यांची मुदत उलटून जाते त्यांचे काय होते, ते मी रोज बघतो.

मी विम्याची एजन्सी सोडली, परीक्षा दिल्या, सेबीकडे गुंतवणूक सल्लागार म्हणून नोंदणी केली आणि ग्राहकाकडून थेट फी घ्यायला लागलो. सेबीचे हे नियम 2013 चे आहेत आणि एवढ्या मोठ्या देशात असे नोंदणीकृत सल्लागार जेमतेम हजाराच्या आसपास. कारण उघड आहे. गजानन मार्केटमधला व्यापारी मला तोंडावर म्हणतो, "फी कसली भाऊ? एजंट तर उलट पहिल्या हप्त्यातून मलाच परत देतो." ही सूट देणे आणि घेणे, दोन्हींना विमा कायद्याच्या कलम 41 ने मनाई आहे. पण ती घेताना आपण पुढची वीस वर्षे विकतोय, हे त्याला कोणी सांगत नाही. दहा लाख रुपये 12 टक्क्यांनी वीस वर्षांत सुमारे 96 लाख होतात, 11 टक्क्यांनी सुमारे 81 लाख. मधल्या माणसाने दरवर्षी एकच टक्का खाल्ला तरी पंधरा लाखांहून जास्त गेले.

आणि हा पैसा आहे कशासाठी? 28 मे 2021 च्या रात्री इथेच, नेहरू चौकाजवळ, साईसिद्धी इमारतीचा वरच्या मजल्याचा स्लॅब खालचे मजले फोडत तळापर्यंत आला. सात माणसे गेली. त्याच महिन्यात मोहिनी पॅलेसचाही स्लॅब कोसळला होता. नव्वदच्या दशकात उलवा नावाच्या निकृष्ट रेतीत घाईघाईने उभ्या केलेल्या अशा कितीतरी इमारतींत माझे ग्राहक राहतात. कागदपत्रे धड नसल्यामुळे बँका तिथे गृहकर्जाला हात लावत नाहीत, सोसायटीत दुरुस्तीचा निधी नसतो, आणि त्याच घरातल्या कपाटात तीन-तीन पॉलिसींच्या फायली असतात. 'ध्येयाधारित गुंतवणुकी'च्या चकचकीत पुस्तिकेत परदेश सहल असते, समुद्रकाठचे घर असते. डोक्यावरचा स्लॅब नसतो. म्हणून माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट झाले का? नसेल तर एसआयपी थांबेल. आधी ऑडिट, मग सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला, मग आरोग्य विमा आणि साधा मुदतीचा विमा. परताव्याची गोष्ट त्यानंतर. काही जण उठून जातात. जाऊ देत. माणूस जिवंत राहिला तर चक्रवाढीचा उपयोग.

जानेवारी 2025 मध्ये टोरेस ही दागिन्यांची कंपनी बुडाली. तिचे एक दुकान शेजारच्या कल्याणात होते. दर आठवड्याला व्याज मिळणार म्हणून लोकांनी दागिने मोडून पैसे भरले होते. त्यांना मूर्ख म्हणणाऱ्यांचा मला संताप येतो. गरजेच्या वेळी सरळ, खरा सल्ला देणारा माणूस त्यांना कधी भेटलाच नव्हता. जो भेटला तो काहीतरी विकायलाच आलेला होता. ठेवीदारांच्या संरक्षणासाठी महाराष्ट्रात 1999 चा कायदा आहे, पण तो पैसे गेल्यावर जागा होतो.

पुढच्या वेळी कोणी फॉर्म घेऊन घरी आला, तर त्याला दोन गोष्टी विचारा. तुमचा सेबी नोंदणी क्रमांक आयएनए या अक्षरांनी सुरू होतो का? आणि मी हे घेतले तर तुम्हाला कोण, किती पैसे देणार? उत्तर लेखी मागा. लेखी देत नसेल, तर सही करू नका.