उचल

ऊसतोडीत उचल म्हणजे मुकादमानं हंगामाआधी दिलेली आगाऊ रक्कम. उजनीकाठच्या पारावर मात्र दुसऱ्याच उचलीचा वाद चालतो. एकाच तोंडातून दोन वाक्यं निघतात. "तान्हं पाचटावर टाकून तोडायला जातात, या बायकांना माया कसली?" आणि घरच्या सुनेला, "रडलं की लगेच उचलू नको, सवय लागते." म्हणजे उचललं नाही तर आई निर्दय, उचललं तर लेकरू बिघडलं!

दुसऱ्या वाक्याला साहेबी पाठबळही होतं. अमेरिकेतल्या जॉन वॉटसन या मानसशास्त्रज्ञानं १९२८ च्या पुस्तकात लेकरांना कुरवाळू नका, सकाळी त्यांच्याशी हस्तांदोलन करा, असं बजावलं होतं. पुढे १९७२ मध्ये बेल आणि एन्सवर्थ या संशोधकांनी बाल्टिमोरच्या २६ मायलेकरांच्या निरीक्षणातून नेमकं उलटं मांडलं: सुरुवातीच्या महिन्यांत हाकेला लगेच ओ मिळालेली बाळं पुढे कमी रडली.

आता पहिलं वाक्य. केतूरच्या शिवारात बाभळीला झोळी होती. तिची दोरी आठ-नऊ वर्षांच्या बहिणीच्या पायाच्या अंगठ्याला. बाळ किंचाळलं. आईच्या डोक्यावर मोळी, तिनं सरीतूनच आवाज दिला, "आले रं राजा!" रडणं तुटलं, मान आवाजाकडे वळली. मग बहिणीनं वेडावून दाखवलं आणि स्वारी हसली. याला माया नाही म्हणायचं?

ग्लासगोत शॅफर आणि इमर्सन या संशोधकांनी ६० बाळं पाहिली. १९६४ चा त्यांचा निष्कर्ष असा की, बाळाचा ओढा कोण किती तास जवळ असतं किंवा कोण भरवतं यावर ठरत नाही; हाकेला ओ कोण देतं, त्याच्याशी कोण खेळतं, यावर ठरतो. शिवाय बहुतेकांना लळा एकाहून अधिक माणसांचा. आजी, बाप, बहीण, सगळे त्यात आले.

"मग झालं की, बहीण आहेच," असं म्हणून बागायतदार सुटू पाहतील. सुटू देऊ नये. त्या बहिणीची शाळा गावाकडं राहिली. आणि मोळीखालच्या आईला ओ देता येते, पाजता येत नाही. २०१७ पासून कायद्यानं २६ आठवड्यांपर्यंत प्रसूती रजा आहे, पन्नास किंवा अधिक कामगार असतील तिथं पाळणाघर सक्तीचं आहे. पण नवरा-बायको मिळून 'एक कोयता' मोजणाऱ्या हिशेबात ही बाई सहसा कुणाच्याच पटावर नसते.

कारखानदारहो, यंदा गव्हाणीत मोळी टाकाल त्याच दिवशी टोळीच्या तळावर पाळणाघर उघडा, आणि त्या पोरीच्या अंगठ्याची दोरी सोडवा.