भिशीचे कार्ड आणि बंद शटर

ऑक्टोबर २०१९. ऐन दिवाळीच्या तोंडावर गुडविन ज्वेलर्सची डोंबिवली-ठाण्यातली दुकाने बंद झाली आणि शटरसमोर हप्त्यांची कार्डे घेऊन माणसे उभी राहिली. सणाच्या खरेदीला निघणाऱ्यांनी ती गर्दी आठवावी. महिन्याला ठरावीक रक्कम भरून वर्षाने दागिना घ्यायचा, ही सोनाराकडची भिशी आपल्याकडे घरोघरी चालते. पण ती बँकेतली ठेव नव्हे. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचे कवच असते, या कार्डाला नसते. सोनाराने पैसे बुडवले तर ठेवीदारांच्या हितरक्षणाच्या एमपीआयडी कायद्याखाली त्याची मालमत्ता जप्त होते खरी. मात्र ज्या मुलीच्या लग्नासाठी पैसे साठवले, तिचे लग्न तोवर थांबत नाही. त्यापेक्षा पैसे बँकेत साठवा, दागिना रोखठोक घ्या आणि त्यावरचा सहा अक्षर-अंकांचा हॉलमार्क क्रमांक, म्हणजे एचयूआयडी, काउंटरवरच ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर तपासा.

ऑनलाइन खरेदीतला सापळा आणखी बारीक: आधीच टिक केलेला विमा, शेवटच्या पानावर फुगलेली रक्कम. केंद्राने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा १३ क्लृप्त्यांना मनाई केली. ग्राहकांच्या तक्रारीसाठी १९१५ हा क्रमांक आहे. फोन लावताना पक्के बिल हाताशी ठेवा.