रंगाचें कंत्राट देतांना

घरास रंग देणें निराळें आणि कारखान्यास देणें निराळें, हें आम्हांस गेल्या फाल्गुनांत कळलें. आमच्या पुतण्याचा कोंकणांत लहानसा कारखाना आहे. तेथील लोखंडी टाकीस आंतून रंग द्यावयाचा होता. तीन कंत्राटदारांचे दर आले. सर्वांत कमी दराच्या गृहस्थास काम मिळालें. दुसऱ्याच दिवशीं टाकींत उतरलेला रंगारी घेरी येऊन पडला. त्याचा सोबती तसाच आंत उतरणार, तों फिटरानें त्याचा हात धरला, पंख्यानें आंत वारा सोडला व अग्निशामक दळास बोलाविलें. रंगारी वांचला, परंतु इस्पितळांत त्याचें नांव विचारलें, तेव्हां तें मालकास ठाऊक नव्हतें!

“काका, आम्ही दर तेवढा विचारला,” पुतण्या म्हणाला. वाचकांच्या घरींही कोणी कारखानदार असेल. त्यानें आणखी काय विचारावें, तें जाणत्यांकडून समजून घेऊन येथें देतों.

पहिला प्रश्न नांवांचा. कामावर कोण येणार व त्यांचा विमा उतरला आहे काय, याचा कागद मागावा. उंचावरील कामास परांची व पट्टा कसा, हेंही तेव्हांच विचारावें.

दुसरा प्रश्न हवेचा. रंगांतील द्रावकाची वाफ हवेहून जड. ती तळाशीं सांचते, माणसाची शुद्ध हरपविते आणि ठिणगीनें पेटते. म्हणूनच १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ३६ व्या कलमानें अशा जागीं उतरण्यास अट घातली: हवा तपासून दिलेला जाणत्याचा लेखी दाखला हवा, नाहीं तर श्वसनाचें उपकरण हवें आणि बाहेरच्या माणसानें धरलेला दोर पट्ट्यास हवा.

तिसरा प्रश्न जुन्या रंगाचा. शिशाची मर्यादा दशलक्षांत ९० भाग ठरविणारे २०१६ चे नियम घरगुती व शोभेच्या रंगांपुरते होते. कारखान्यांतील जुन्या रंगांत शिसें असूं शकतें. तो कोरडा खरवडल्यास विषारी धूळ श्वासावाटे शरीरांत जाते.

शेवटचा प्रश्न ओलीचा. लोखंड दंवबिंदूहून निदान ३ अंश सेल्सियस उष्ण असावें, असा धंद्याचा दंडक आहे. भर आषाढांत कांहीं न मोजतां कुंचला उचलणारा इतर नियम पाळील, हा भरंवसा धरूं नये.

दुसरी टाकी पुतण्यानें मधल्या दराच्या कंत्राटदारास दिली. दर सांगण्यापूर्वी टाकी पाहावयास आलेला तो एकटाच होता. कमी दरांतील तूट कोणी तरी भरून काढतोच. ती रंगाऱ्यानें आपल्या श्वासानें भरूं नये, एवढेंच आमचें म्हणणें.