मीटरमधला अंधार
मोटरसायकलच्या मीटरचा दिवा गेला की मेकॅनिक आधी बल्ब बदलतो. बऱ्याचदा तेवढ्यावर भागतंही. न भागलं की खरी गंमत. जुन्या स्प्लेंडरसारख्या गाडीत हेडलाइट आणि मीटरचा उजेड बॅटरीवर नव्हे, थेट मॅग्नेटच्या एसी करंटवर चालतो (म्हणून तर रेस दिली की उजेड वाढतो), न्यूट्रल आणि इंडिकेटर मात्र बॅटरीवर. तेव्हा न्यूट्रलचा हिरवा दिवा लागतोय आणि मीटर काळोखात, तर बॅटरीला बोल लावण्यात अर्थ नाही. इंजिन चालू ठेवून हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवावं. उजेड लुकलुकला तर हँडलच्या मानेपाशी वायर आतून तुटलेली असते, वरचं प्लास्टिक अगदी शाबूत! पावसाळ्यानंतर होल्डरमध्ये हिरवट गंजही सापडतो. पॉलिश पेपरने घासला की काम होतं. बल्ब वरचेवर उडत असतील तर रेग्युलेटर तपासायचा.