देवाची भाषा, घरची बोली

बँकेच्या नोकरीत बदल्या कुणाला चुकत नाहीत. बुलढाणा जिल्ह्यातल्या चिखली तालुक्यात वाढलेला मी, अशाच एका बदलीत वसईला जाऊन पडलो. पहिल्याच आठवड्यात लाल लुगड्यातली एक म्हातारी पैसे काढायला काउंटरवर आली. तिचे बोलणे मला निम्मेच कळले. स्लिपवरचे नाव वाचले आणि चमकलो. नाव पोर्तुगीज वळणाचे, बोली मराठीच्या कुळातली, आणि अंगठा उमटवताना थरथरणारा हात मात्र थेट माझ्या आजीचा! माझ्या मनातला ‘ख्रिस्ती माणूस’ त्या दिवशी पुसला गेला. तो हिंदी सिनेमातून आलेला होता, हे कबूल केले पाहिजे.

पुढे कादंबऱ्या लिहू लागलो तेव्हा प्रश्न पडला : लेखकाला घडवतो तो त्याचा धर्म की त्याचा मुलूख? वसईकडे पाहिले की हा प्रश्नच चुकीचा वाटतो. १५३४ ते १७३९ वसई पोर्तुगीजांकडे होती. त्या काळात अनेकांची श्रद्धा बदलली, पण बोली सुटली नाही. चिमाजी अप्पांच्या विजयाने पोर्तुगीजांचे राज्य गेले, तरी ती श्रद्धाही सुटली नाही. सामवेदी म्हणजेच कादोडी बोली आजही तिथल्या ख्रिस्ती घरांत ऐकू येते. मात्र दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२-६५) लोकभाषांना दार उघडेपर्यंत मिस्सा लॅटिनमध्ये होत असे. म्हणजे घरात कादोडी, शाळेत प्रमाण मराठी आणि चर्चमध्ये लॅटिन. अशा मुलाला लवकर कळते, की माणूस आईशी एका भाषेत बोलतो, साहेबाशी दुसऱ्या आणि देवाशी तिसऱ्या. हे फरक टिपून ठेवणे हेच तर कादंबरीकाराचे निम्मे काम!

फादर थॉमस स्टीफन्स यांनी भाषेचे हे मर्म चारशे वर्षांपूर्वीच ओळखले होते. १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या या इंग्रज जेझुइटाने ‘क्रिस्तपुराण’ (१६१६) रचले ते ओवीत, सुमारे ११ हजार ओव्यांत. स्वर्गाला त्यांनी वैकुंठ म्हटले. श्रद्धा रोमची, पण ऐकणारे कान इथले, हे भान त्यामागे होते.

मग श्रद्धा कथेला वेगळे काय देते? माझ्या मते, पाप्याकडे पाहण्याची नजर. पापनिवेदनात माणूस आपला अपराध स्वतःच्या तोंडाने सांगतो. ऐकणारा तो बाहेर फोडत नाही, आणि क्षमेचे दार उघडे राहते. कादंबरीकाराची खुर्ची याहून फार वेगळी नसते. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्या फ्लॅनरी ओ’कॉनर (१९२५-६४) निष्ठावंत कॅथॉलिक. त्यांच्या कथांत मात्र बहुतेक माणसे प्रॉटेस्टंट : फिरते प्रवचनकार, घमेंडखोर शेतमालकिणी. पंथ स्वतःचा, माणसे शेजारची. ईश्वरी कृपा त्या माणसांवर येते तीही त्यांची घमेंड मोडूनच. गोव्यात दामोदर मावजो यांनी शेजारच्या घरात उलट्या बाजूने पाऊल टाकले. हिंदू घरातल्या या लेखकाच्या ‘कार्मेलीन’ या कोकणी कादंबरीची नायिका कॅथॉलिक आहे, पोटासाठी कुवेतला जाणारी. या कादंबरीला १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

मला हा धडा उशिरा मिळाला. पहिल्या कादंबरीतला माझा कर्जबाजारी शेतकरी मी प्रमाण मराठीत बोलवला होता. पुण्या-मुंबईच्या वाचकाला समजावा म्हणून! तो बँकेच्या नोटिशीसारखा बोलू लागला. शेगावच्या पालखीबरोबर पंढरीला पायी गेलेला हा माणूस, पण विठोबाशी त्याचे नातेच दिसेना. शेवटी ‘माह्यं’ आणि ‘काहून’ परत आणले, आणि पुढच्याच पानावर तो पांडुरंगाशी कडाकडा भांडला. त्याची बोली आणि त्याची भक्ती एकाच दाराने आत आली. ते दार मीच लावून घेतले होते.

म्हणूनच २०२० ची आठवण बोचते. त्या जानेवारीत उस्मानाबादला, म्हणजे आताच्या धाराशिवला, भरलेल्या ९३ व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. ‘सुवार्ता’चे संपादक, ‘सुबोध बायबल’चे कर्ते, हरित वसईच्या लढ्यातले बिनीचे कार्यकर्ते. तरी त्यांच्या निवडीवर काहींनी धर्माचा मुद्दा काढलाच. २५ जुलै २०२४ रोजी फादर गेले. तो मुद्दा मात्र गेलेला नाही. नव्या नावाबरोबर तो पुन्हा डोके वर काढू शकतो.

बँकेत आम्ही नावावरून कुणाला पैसे देत नसू. नाव कितीही ओळखीचे असो, नमुन्याच्या कार्डावरची सही जुळली पाहिजे. सही येत नसेल तर अंगठा. साहित्यातली सही म्हणजे लेखकाची भाषा. त्या म्हातारीचा ठसा जुळला होता. स्टीफन्स यांची सही चारशे वर्षांपूर्वीच मराठीच्या खात्यावर नोंदली गेली आहे. दिब्रिटोंचीही जुळली. नुसते नाव वाचून ज्यांचा हात अडतो, त्यांनी कार्ड एकदा उघडून पाहावे.